गुऱ्हाळामागची गाडी

या, जरा पुढं सरकून बसा. मंडपाच्या खांबांना पाठ लावून बसलेल्यांनी तर आधी या, कारण माझा आवाज बुवांसारखा शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा नाही. माझ्यामागं पखवाज नाही, टाळकरी नाहीत. गळ्यात वीणा घ्यायची माझी योग्यता नाही. मी जन्मभर खाली बसून ऐकणाऱ्यांतला. बुवांनी मोठ्या मनानं सप्ताहाच्या काल्याच्या आधी मला थोडा वेळ दिलाय, तेवढ्यात एक गोष्ट सांगतो. एका आगगाडीची. ती कोल्हापुरात मंगळवार पेठेत, माझ्या घराच्या माडीवर धावते. अकरा फूट लांबीचा फळा, त्यावर वीतभर लांबीचे डबे, काडेपेट्यांएवढी घरं. बघणाऱ्याला वाटतं, निवृत्त माणसाचा खेळ. सहा वर्षं मीही तसंच म्हणत होतो. गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी काचवाला अमरसिंह काचा घेऊन माझा जिना चढला, तोपर्यंत.

धूळ फार बसते म्हणून फळ्याच्या पुढच्या अंगाला काच लावून घ्यायची होती. माप मीच घेतलं होतं, कागदावर लिहून त्याच्या लक्ष्मीपुरीतल्या दुकानात नेऊन दिलं होतं. दुसऱ्या दिवशी माझ्याकडं पाहुणे यायचे होते आणि त्यांच्यापुढं सगळं नीट, झळझळीत असावं अशी माझी इच्छा होती. अमरसिंहनं तीन काचा शेजारी शेजारी उभ्या केल्या, अंगठ्यानं दाबून चाचपल्या, आणि उजवीकडं चार बोटं जागा उघडीच राहिली. त्या चार बोटांतून फळ्यावरचा ऊस दिसत होता. काथ्या रंगवून केलेला, एकेक पेर चिमट्यानं उभं केलेलं.

"आण्णा, काच कमी पडली की वो."

"तू कमी कापलीस."

"मी? ह्यो बगा तुमचा कागद. अक्षर तुमचं, आकडा तुमचा. मी काय पेढं खात कापली व्हय?" त्यानं कमरेचा टेप काढला, काचेला लावला. काच बरोबर होती. मग फळ्याला लावला. फळा जास्त होता. मग त्यानं टेबलावरची माझी स्टीलची पट्टी उचलली, टेपाशेजारी ठेवली, डोळे बारीक करून दोन्हीकडं बघितलं आणि हसला. "हितं बगा. तुमची पट्टी खोटी हाय."

"अडतीस वर्षं त्या पट्टीवर काम केलंय मी."

"मग अडतीस वरसं खोटं काम केलंसा. आनि काय!" स्वतःच्याच विनोदावर खूष होऊन त्यानं खालच्या दिशेनं तोंड करून हाक दिली, "वैनी, च्या टाका! आण्णास्नी धक्का बसलाय."

तो गमतीनं बोलला. पण मी पट्टी त्याच्या हातातून काढून घेतली. कारण ती पट्टी खोटी नाही, हे मला माहीत होतं, आणि ती कुठली पट्टी आहे हेही त्या क्षणी मला कळलं. सांगतो. मी पॅटर्नमेकर. शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीमध्ये लोखंड ओततात, ते ज्या आकारात ओतायचं तो आकार आधी लाकडाचा करावा लागतो. तो मी करायचो. रसातून घट्ट होताना धातू आकसतो. म्हणून लाकूड मूळ मापाइतकंच केलं तर ओतीव लहान येतं. लाकूड थोडं मोठंच करायचं. दर वेळी हिशेब कोण करत बसणार? म्हणून आमच्या पट्ट्याच तशा असतात: तिच्यावर शंभर लिहिलेलं असतं तिथं खरं शंभराहून जास्त असतं. आणि ज्या लाकडापासून आधी ॲल्युमिनियमचा पॅटर्न आणि त्यावरून मग लोखंड ओतायचं, ते दोनदा आकसणार. त्याची पट्टी आणखी मोठी. शंभराला अडीच जास्त. ती माझी पट्टी. आमच्या धंद्यात खऱ्या मापानं काम करणारा माणूस बिनकामाचा. पुढं आकसणार आहे हे धरून आज मोठं करायचं, हेच आमचं शहाणपण. पण माडीवरच्या त्या गाडीत काहीच ओतायचं नव्हतं. तिथं जे लाकूड होतं ते लाकूडच राहणार होतं. आणि तरी सहा वर्षं माझा हात ड्रॉवरमधल्या दोन पट्ट्यांतली तीच पट्टी उचलत राहिला.

चहा घेऊन अमरसिंह काचा तिथंच ठेवून गेला. सोमवारी नव्या कापून आणतो म्हणाला. जिन्यावर त्याच्या चपला वाजत खाली गेल्या. मी खुर्चीत बसलो आणि फळ्याकडं बघायला लागलो. लोक विचारतात, आण्णा, ह्यात कोल्हापूर स्टेशन कुठाय, पंचगंगेचा पूल कुठाय? तो करायला किती मजा आली असती, मलाही माहीत आहे. मुलगा विश्वजित पुण्याहून ही खेळण्यातली गाडी घेऊन आला तेव्हा मी तेच म्हटलं होतं, आपण कोल्हापूर ते मिरज सगळी लाईन करू, वळिवडे करू, रुकडी करू, जयसिंगपूरचा फलाट करू. रूळ विकतचे, इंजिन विकतचं, तांबडं, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाचं. बाकी सगळं माझ्या हातचं. पहिल्या महिन्यात मी रुळांखालची खडी केली, फौंड्रीतली जाड वाळू चाळून. मग औषधाच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा चंदेरी कागद फणीवर दाबून पत्रे केले. त्या पत्र्यांचं पहिलं छप्पर केलं ते गुऱ्हाळाचं. का गुऱ्हाळाचं? विचारलं नाही स्वतःला. मग गुऱ्हाळाशेजारी पिळलेल्या उसाच्या चिपाडाची गंजी, झाडूच्या काड्या बारीक कापून. मग वाटेखालची मोरी, कठड्यासकट. मग वाट. बिनफाटकाचं रेल्वे क्रॉसिंग. सहा वर्षांत माझी लाईन या तीनशे मीटरच्या पुढं ना मिरजेकडं सरकली, ना कोल्हापूरकडं. तुमच्यातल्या पिकल्या केसांच्या माणसांनी ओळखलं असेल. तुमच्याच गावाकडं येणारी ती वाट. आता तिथं गुऱ्हाळ नाही, वाटही वळवली. जोतं तेवढं राहिलंय. त्याचं माप मी चार वर्षांपूर्वी टेप लावून घेऊन गेलो, तेव्हा एका पोरीनं मला विचारलं होतं, आजोबा, प्लॉट घेताय का?

त्र्याण्णव सालचा फेब्रुवारी. पहिली पाळी सुटली होती. मी आणि बाळासो सायकलींवरून तुमच्या गावाला निघालो होतो. मी सप्ताहाला, तो घरी. बाळासो माझ्याशेजारच्या बाकावरचा पॅटर्नमेकर, तुमच्या गावचा, बुद्धविहाराच्या मागं त्याचं घर. त्याच्या हातासारखा हात मी नंतर बघितला नाही. लाकडाला रंधा लावण्याआधी त्यावरून पालथी बोटं फिरवायचा, झोपलेल्या लेकराचा ताप बघावा तशी. लहानपणी गोवर निघाला तेव्हा त्याचे कान गेले होते. अगदी जवळून, तोंडासमोर बोललं तरच कळायचं. हे साहेबाला माहीत नव्हतं. कळलं असतं तर बँडसॉवर उभं केलं नसतं. म्हणून मी त्याचे कान झालो होतो. भोंगा झाला की कोपर मारायचो. साहेब मागून आला की खोकायच्या ऐवजी डोळा मारायचो. आणि वाटेत ते क्रॉसिंग आलं की आमची एक पद्धत होती: पुढं जो असेल त्यानं रूळ ओलांडून पलीकडून दोन्हीकडं बघायचं आणि मागच्याला हातानं बोलवायचं. अलीकडून उसामुळं त्याला मिरजेकडचं काही दिसायचं नाही. तसा तो कडेला येऊन, मान लांब करून स्वतः बघायचाच. पण मी हात केला की मग तो रुळांकडं बघायचा नाही. माझ्याकडं बघायचा.

तो चेष्टा करायचा माझी. "तुझा बुवा दोन तास एकच गोष्ट सांगतोय, आनि तू ती दरवर्षी नव्यानं ऐकतोस. मला बहिऱ्याला एकदाच सांगितलेलं कळतंय." मी म्हणायचो, "अरे, गोष्ट ऐकायला कोण जातंय? आवाजात बसायला जातो." ते खरं आहे. बुवा पूर्वरंग संपवतात, वीणा कुणाच्या तरी गळ्यात जाते, पखवाजावर नुसता हात ठेवलेला असतो, आणि त्या मोकळ्या जागेत पांडुरंग येऊन बसतो असं मला पोरपणापासून वाटत आलंय. त्या दिवशी लांबचे बुवा येणार होते. आख्यान साडेचारला उभं राहणार होतं. आणि बाळासोच्या सायकलची चेन क्रॉसिंगच्या अलीकडं पडली.

मी पुढं होतो. रूळ ओलांडून मोरीच्या कठड्यावर बसलो. घामानं सदरा पाठीला चिकटला होता. गुऱ्हाळात चरक धडधडत होता, काहिलीत रस उकळत होता, गोडसर धुरकट वास येत होता. पलीकडं बाळासो उकिडवा बसून चेन चढवत होता आणि चढवता चढवता हसत होता, कारण माझी घाई त्याला लांबूनही कळत होती. इथपर्यंत सगळं मला स्वच्छ आठवतं. पुढं आठवणीत चिखल आहे. बाळासो गाडीखाली गेला. पंचनाम्यात मी लिहून दिलं: गुऱ्हाळाच्या आडोशामुळं गाडी दिसली नाही. खाली माझी सही आहे. मी बोलावलं, हे मी लिहून दिलं नाही. कुणी विचारलं नाही. गाडीच्या ड्रायव्हरनं सांगितलं, मी शिट्टी देत होतो, माणूस मान वर करून सरळ चालत रुळात आला, बघितलंसुद्धा नाही. त्या एका वाक्यावर तुमच्या गावानं जे ठरवायचं ते ठरवलं. मला ते कळत होतं. आठवड्यानं, महिन्यानं, वर्षानं. बाजारात कळलं, एका लग्नात जेवताना शेजारच्यानं सांगितलं. "बहिरा हुता, आंधळा न्हवता की. मुद्दाम गेला." मी पानावरचा भात कालवत राहिलो.

आणि तरी मी कीर्तन सोडलं नाही. हे तुम्हाला सांगायला लाज वाटते, पण ज्या गोष्टीच्या घाईत हे झालं तिचाच आधार मला लागला. मी बसायचो, आणि ती मोकळी जागा यायची, वीणा नुसती झणझणायची, आणि तिथं देव यायच्या ऐवजी रूळ वाजायचे. गाडी यायच्या आधी वाजतात तसे, बारीक. मग मी उठून बाहेर जायचो. लोकांना वाटायचं आण्णांना लघवीचा त्रास आहे. एकतीस वर्षांत मी कुणाला लांबून हाक मारलेली नाही. नातवंडं अंगणात असली तर मी चालत त्यांच्यापर्यंत जातो.

आता पाहुण्यांचं सांगतो. बाळासोची बायको ललिता आणि मुलगी साक्षी. बाप गेला तेव्हा साक्षी चार वर्षांची होती. आता एका शाळेत शिकवते. दिवाळीच्या आधी ती मला रंकाळ्यावर भेटली. तिनं ओळखलं, मी नाही. बोलता बोलता म्हणाली, "काका, आई आता थकलीय. पण अजून मधेच विचारती, तुझे वडील मुद्दाम गेले असतील का गं? तुम्ही होता ना तिथं. तुम्ही सांगाल का तिला एकदा?" आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, या की घरी, मी दाखवतोच तुम्हाला. तिथून गाडी कुणालाच दिसत नव्हती, ना त्याला ना मला. मी सगळं मापानं केलंय, डोळ्यांनी बघा. घरी येईपर्यंत मला वाटत होतं मी केवढं पुण्याचं काम काढलंय. फळ्याच्या मागच्या बाजूला आकाशाचा निळा पडदा आहे. मोरीच्या मागं, बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर, मी त्यात एक भोक पाडलं. भिंत आणि फळा यांच्यात गुडघे टेकून त्या भोकाला डोळा लावला की तुम्ही मोरीवर बसलेला मी होता. मी कितीदा बसलो. गाडी मिरजेकडून यायची, उसात शिरायची, गंजीमागं जायची, गुऱ्हाळामागं जायची, आणि थेट क्रॉसिंगवर निघायची. मधे काही नाही. प्रत्येक वेळी मी देवाचं नाव घेऊन उठायचो. सुटलो म्हणायचो.

पण गुऱ्हाळ आणि गंजी एकमेकांना चिकटलेली नव्हती. मधे फट होती. माणूस आडवा होऊन जाईल एवढी, दोन फुटांची. काहिलीखालच्या चुलवाणाकडं चिपाड न्यायला बायका त्यातूनच ये-जा करायच्या. दोन फूट म्हणजे माझ्या फळ्यावर सात मिलिमीटर. गुऱ्हाळ चाळीस फूट, ते माझ्या पट्टीनं साडेतीन मिलिमीटर जास्त झालं. गंजी पस्तीस फूट, ती तीन मिलिमीटर जास्त. रूळ विकतचे होते, ते खऱ्या मापाचे. जागा मी रुळांच्या तुकड्यांवरून ठरवल्या होत्या, त्या हलल्या नाहीत. दोन्हीकडून वाढत येऊन गुऱ्हाळानं आणि गंजीनं ती फट मिटवून टाकली होती. केसाएवढी राहिली होती. चार वर्षं मी ती बघत होतो आणि म्हणत होतो, लाकूड फुगलं असेल.

शनिवारची ती दुपार मी करवत हातात घेऊन काढली. दुसरी पट्टी ड्रॉवरच्या तळाला, तेलाच्या कापडात होती. साधी, शंभराला शंभर दाखवणारी. तिनं खुणा केल्या. गुऱ्हाळाची एक भिंत कापली, छप्पर कापलं, चंदेरी पत्रे चुरगळले. गंजी कापताना काड्या विस्कटून पडल्या. बाळासो असता तर म्हणाला असता, हात का अडखळतोय, लाकूड हाय, बायको न्हवं. हातांना तेव्हा माहीत होतं की हे काय करतायत, मग सहा वर्षं माहीत नव्हतं का? पट्टीच्या टोकाला ठोकलेला अडीचचा शिक्का रोज अंगठ्याखाली येत होता. अडतीस वर्षांच्या सवयीला मी चूक म्हणू की आणखी काय म्हणू, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. चुकीनं पट्टी उचलणारा माणूस एकदा उचलतो. जितक्या वेळा काम केलं तितक्या वेळा नाही.

चिकटवलेलं वाळल्यावर मी बायकोला, संयोगिताला, वर बोलावलं. बोलावलं म्हणजे खाली जाऊन घेऊन आलो. तिला बटण फिरवायला बसवलं आणि मी मागं भिंतीशी गुडघे टेकले.

"सोडू का?" ती म्हणाली.

"सोड."

"आवो, पर ह्या वयात तितं भिंतीत शिरून काय बघतासा? पाठ धरंल."

"सोड म्हटलं ना."

चाकांचा आवाज उसातून आला. गंजी. मग फट. आणि त्या सात मिलिमीटरांत तांबडं काहीतरी सरकलं. जिभेनं ओठ ओला करावा एवढ्या वेळात. मग गुऱ्हाळ. आणि त्या क्षणी माझ्या पाठीला घामानं चिकटलेला सदरा मला जाणवला, फेब्रुवारीतला, एकतीस वर्षांपूर्वीचा. कारण मी ते तांबडं बघितलं होतं. बघितलं होतं मी. मोरीवर बसून, मान वळवून, फटीत तांबडं हललं होतं आणि मी मनाला म्हटलं होतं, चुलवाणाचा जाळ. चुलवाण पलीकडच्या अंगाला होतं; जाळ त्या फटीतून दिसत नसे. हेही मला माहीत होतं. पण बुवा उभे राहायची वेळ झाली होती. मी मान परत वळवली, उजवा हात वर केला आणि ओरडलो, "ये की लेका, मोकळं हाय!"

"दिसलं का काय?" संयोगितानं विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

एवढं होऊनही नाही म्हणालो. ती खाली गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की जिभेलाही सवयीची पट्टी असते म्हणून सोडून देता येणार नाही. हे मी आत्ता, जाणून, केलं. रविवार उजाडेपर्यंत माझ्याजवळ दोन वाटा होत्या. गुऱ्हाळ परत वाढवायचं. अर्ध्या तासाचं काम. ललितावहिनी येतील, भोकाला डोळा लावतील, काही दिसणार नाही, त्यांच्या जिवाला शांती मिळेल, आणि बाळासो अपघातानं गेला एवढं तरी सिद्ध होईल. खोट्या मापानं खरं सिद्ध. मी देवापुढं बसून हेही बोललो की पांडुरंगा, यात कुणाचं नुकसान आहे? बुवा म्हणतात देव भक्ताशी बोलतो. माझ्याशी बोलला नाही, एवढंच मला खरं सांगता येतं.

दहा वाजता त्या आल्या. ललितावहिनींच्या हातात शेंगांची पिशवी होती. "रिकाम्या हातानं कसं यायचं, भावजी?" जिना चढताना त्यांना धाप लागली, साक्षी मागून कमरेला हात लावून होती. फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि एकेक गोष्ट निरखत गेल्या. मग म्हणाल्या, "गुऱ्हाळ त्येच हाय. हितं लिंब हुता बगा, कोपऱ्याला." तो कडुलिंब मी विसरलो होतो. मी त्यांना मागं नेलं. गुडघे टेकायला त्यांना त्रास झाला, साक्षीनं उशी दिली. मी स्वतः बटण फिरवलं. गाडी गेली.

"तांबडं कायतरी गेलं," त्या पडद्यामागून म्हणाल्या.

साक्षी माझ्याकडं बघायला लागली.

"परत सोडा," ललितावहिनी म्हणाल्या. मी परत सोडली. तिसऱ्यांदा सोडली. मग त्या भिंतीला धरून उठल्या. साडीला चुना लागला होता. "भावजी, हितनं तर गाडी दिसती. तुमाला दिसली हुती?"

"होय."

"मग?"

"जाळ वाटला. वाटला असंही नाही, मी तसं म्हटलं स्वतःला. आणि बोलावलं त्याला. हात करून. तो माझ्याकडं बघत आला वहिनी. रुळाकडं बघायचं त्याला कारणच नव्हतं. मी बोलावलं होतं."

खोलीत इंजिनाची मोटर तापल्याचा वास येत होता. मी बटण बंद करायचं विसरलो होतो. गाडी फळ्याच्या टोकाच्या अडसराला टेकून चाकं फिरवत होती. साक्षीनं पुढं होऊन ते बंद केलं. "शाळेत पोरं मला रुळवाली म्हणायची," ती म्हणाली. "एक स्थळ मोडलं त्यावरून. म्हटले, घरात तसलं रक्त हाय." एवढं बोलून ती खिडकीकडं गेली.

ललितावहिनी खुर्चीवर बसल्या. मला वाटलं रडतील, शिव्या देतील. दोन्ही चाललं असतं. त्या फळ्याकडं बघत म्हणाल्या, "त्या दिशी सकाळी आमचं भांडाण झालतं. मला शिरोळला माह्यारी सोडतो म्हनलं हुतं आनि ऐन वक्ताला न्हाय म्हनलं. तवा मी बोलून गेले, आज आलासा काय आनि न्हाय आलासा काय, मला सारकंच. तोंडाकडं बगून बोललं की त्येस्नी कळायचं. मी तोंडाकडं बगूनच बोलले." त्यांनी साडीचा चुना झटकला. "ह्ये वाक्य मी एकतीस वरसं गिळतीया, भावजी. जेवताना, झोपताना. सासू जाईस्तवर माझ्या हातचं पानी पीत न्हवती, काय म्हनून ते ठावं हाय? तुमाला ठावं हुतं तिकडं, आनि मी हिकडं मरत हुते. एक सबूद टाकला असता तर?"

"चुकलो" हा शब्द तोंडात आला, पण तो फार लहान होता. मी पायाशी वाकलो. त्यांनी पाय मागं घेतले.

"माझ्या पाया पडून काय उपेग न्हाय. मी काय सोडवनारी न्हाय तुमाला. आनि मला एकटीला सांगून तरी काय? मला आता कळलं, ठीक हाय. पर गाव काय म्हनतंय? ज्यांनी म्हनलं त्यातले निम्मे मेले. उरल्यात त्यास्नी सांगा. गावात सप्ता बसतोय न्हवं? तितं सांगा. जितं जायाची घाई हुती तितंच. मी काय येनार न्हाय ऐकाय. पर तुमी सांगा."

साक्षी त्यांना घेऊन गेली. जाताना तिनं शेंगांची पिशवी उचलली नाही, ती टेबलावरच राहिली. संयोगितानं खालून विचारलं, पाव्हणं जेवायला का थांबलं न्हाईत, आणि मी पहिल्यांदा तिलाही सगळं सांगितलं. ती आतल्या खोलीत गेली. अजून माझ्याशी फारसं बोलत नाही. फळ्यावर गुऱ्हाळ आता खऱ्या मापाचं उभं आहे. मी गाडी सोडत नाही. काचही बसवली नाही. धूळ बसतेय, बसू दे.

म्हणून मी इथं उभा आहे, गडमुडशिंगीकरांनो. काल्याच्या आधी, तुमच्या तोंडात प्रसाद पडायच्या आधी. मला क्षमा मागायची नाही, ती ज्यांनी द्यायची त्यांनी दिली नाही, आणि ते बरोबरच आहे. बुवा पुढं दहीहंडी फोडतील, तुम्ही घरी जाल, सुनांना, जावयांना, नातवंडांना इकडचं तिकडचं सांगाल. तेव्हा एवढं सांगा. तुमच्या गावात बाळासो नावाचा एक पॅटर्नमेकर होता. लाकडाला रंध्याच्या आधी पालथी बोटं लावायचा. त्याच्या बायकोनं त्याला घालवलं नाही, त्याच्या रक्तात काही नव्हतं. त्याला कान नव्हते, म्हणून त्यानं एका मित्राच्या डोळ्यांवर भरवसा ठेवला. तो आपणहून रुळावर गेला नाही. बोलावलं म्हणून आला. देवाचं नाव घ्याल तेव्हा घ्या, मला विसरलात तरी चालेल. बाळासोला मात्र असाच ध्यानात ठेवा: सायकल हातात धरून, हसत, माझ्याकडं येताना.